खुणेचा डोंगर

सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाकडे शिडाच्या बोटीने येऊ लागले म्हणजे त्रापानी हे बंदर दृष्टीस पडण्याच्या कितीतरी आधी एक एकाकी डोंगर क्षितिजावर उभा राहतो. त्याची उंची फार नाही. सुमारे साडेसातशे मीटर, म्हणजे आपल्या माथेरानहूनही थोडी कमीच. परंतु माथेरानच्या पायथ्याशी समुद्र नाही. हा डोंगर मात्र जवळजवळ पाण्याच्या काठावरूनच वर उठला आहे आणि शेजारी दुसरा तोलामोलाचा डोंगर नाही, त्यामुळे त्याची उंची डोळ्यांना दुप्पट भासते. फिनिशियन, ग्रीक, कार्थेजियन, रोमन, अरब, नॉर्मन आणि जिनोईज अशा सर्व दर्यावर्दी लोकांनी या एका डोंगरावर नजर ठेवून आपली तारवे हाकली. त्याच्या माथ्यावर देवीचे ठाणे होते. फिनिशियन तिला अस्तार्ते म्हणत, ग्रीक आफ्रोदिती म्हणत आणि रोमन व्हीनस म्हणत. भाविक बदलले, नाव बदलले, जागा बदलली नाही. त्या देवळातील वेदीवरचा अग्नी रात्रंदिवस जळत असे, असे एलियन या प्राचीन लेखकाने नमूद केले आहे. समुद्रावरच्या माणसाला त्या अग्नीचा उपयोग काय होता हे सांगावयास नको.

त्याच माथ्यावर आज एरिचे नावाचे मध्ययुगीन गाव आहे. नाव प्राचीन असले तरी ते गावाला परत मिळाले १९३४ साली. त्यापूर्वीची अनेक शतके ते मोंते सान जुलियानो, म्हणजे संत जुलियानचा डोंगर, या नावानेच ओळखले जात होते.

बोटीवरच्या माणसाला असले डोंगरावरचे गाव पाहण्याची सवड मिळते ती बहुधा नाइलाजाने. वारा विरुद्ध दिशेचा सुटतो, दक्षिणेकडून सिरोक्को वाहू लागतो आणि पुढचा पल्ला एक दिवस लांबणीवर पडतो. त्रापानीच्या धक्क्याला बोट बांधून ठेवलेला प्रवासी दोर तपासतो, पाणी भरतो, भाजी आणतो आणि मग करावयास काही उरले नाही म्हणजे मान वर करून डोंगराकडे पाहतो. माथ्यावर ढग नसेल तर एक बुरूज आणि तटाची एक रेघ तेवढी दिसते.

असाच एक माणूस ११८४ सालच्या डिसेंबराच्या अखेरीस याच बंदरात खोळंबून पडला होता. त्याचे नाव इब्न जुबैर. स्पेनमधील ग्रानाडाच्या सुभेदाराचा तो चिटणीस, म्हणजे सरकारी नोकरीतला माणूस. धन्याने त्याला आग्रहाने मद्य पाजले आणि त्या पापाचे क्षालन करण्यासाठी तो मक्केच्या यात्रेला निघाला, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, त्याचे प्रवासवर्णन खरे आहे आणि त्यात चिटणिसाची नजर पानोपानी दिसते. कोठल्या बंदरात किती जकात घेतली, सामान कसे उचकटून पाहिले, कोणत्या दिवशी कोणता वारा होता, हे सारे तो टिपून ठेवतो. परतीच्या वाटेवर त्याचे जहाज मेसिनाच्या किनाऱ्यावर फुटले. जे मुसलमान उतारू होडीचे भाडे देऊ शकत नव्हते त्यांचे भाडे तेथे हजर असलेल्या नॉर्मन राजाने, दुसऱ्या विल्यमने, आपल्या पदरचे दिले, हेही त्याने प्रांजळपणे लिहिले आहे. तेथून पालेर्मोवरून तो त्रापानीला आला. स्पेनला जाणाऱ्या जिनोईज जहाजात त्याने जागा धरली आणि तेवढ्यात राजाचा हुकूम आला की कोणतेही जहाज बंदराबाहेर पडू नये. राजा स्वतःचे आरमार सज्ज करीत होता. ते कोणावर चालून जाणार याविषयी बंदरात तर्कवितर्क चालले होते. (११८५ मध्ये ते थेसालोनिकीवर गेले.) चिटणिसाला सरकारी हुकुमाचा अर्थ कळतो. तो थांबला.

थांबलेल्या माणसाने डोंगराकडे पाहिले आणि चौकशी केली. त्याने जे लिहिले आहे ते वाचताना प्रथम लक्षात येते ते पाणी. खाली त्रापानीच्या विहिरी मचूळ आहेत, पिण्याचे पाणी लांबून आणावे लागते, आणि वर डोंगरावर मात्र सुमारे चारशे झरे आहेत असे त्याला सांगण्यात आले. वर द्राक्षाचे मळे आहेत, शेते आहेत. किल्ला आणि उरलेला डोंगर यांच्यामध्ये खंदक असून त्यावर पूल आहे. प्रसंग आला तर स्त्रियांना वर नेऊन ठेवावयाचे आणि पूल तोडून टाकावयाचा, अशी तेथील ख्रिस्ती लोकांची योजना आहे. तेथील स्त्रिया साऱ्या बेटात देखण्या, असेही त्याच्या कानावर आले. त्यावर, त्या मुसलमानांच्या बंदिवान होवोत, अशी प्रार्थना जोडून तो मोकळा झाला. येथे तो चिटणीस राहिला नाही, आपल्या काळाचा माणूस झाला. आणि शेवटी एक वाक्य असे की, हा डोंगर हाती आला तर बेट हाती येईल अशी या लोकांची समजूत असल्यामुळे ते कोणत्याही मुसलमानास वर चढू देत नाहीत.

म्हणजे एरिचेचे मध्ययुगीन वर्णन ज्याने आपल्यासाठी लिहून ठेवले, त्याचे पाऊल त्या गावाला कधी लागलेच नाही.

आजच्या प्रवाशाला कोणी अडवीत नाही. शहराच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी, तारेवरून चालणारा पाळणा आहे. २००५ साली तो सुरू झाला. दहा मिनिटांत तो माणसाला वर सोडतो. अडवतो तो फक्त वारा. ज्या वाऱ्यामुळे बोट बंदरात राहिली तोच वारा जोराचा असला तर पाळणाही बंद ठेवतात आणि मग वळणावळणाच्या रस्त्याने मोटारीतून जावे लागते. पाळण्यातून मागे पाहिले म्हणजे त्रापानीचा आकार एकदम उमगतो. हे गाव समुद्रात शिरलेल्या एका वाकड्या जिभेवर वसले आहे. ग्रीकांनी त्याला द्रेपानोन म्हणजे विळा हे नाव दिले, ते धक्क्यावर उभे राहून पटत नाही, येथून पटते. विळ्याच्या मुठीपासून दक्षिणेकडे मिठागरांचे चौकोन पसरले आहेत. काही पांढरे, काही गुलाबी, काही नुसते आकाशाच्या रंगाचे. काठाने पवनचक्क्या आणि कौलांनी झाकलेल्या मिठाच्या राशी आहेत. येथील मिठागराचा उल्लेख अल-इद्रीसी या भूगोलकाराने बाराव्या शतकातच केला आहे.

वर पोहोचले की हवा बदलते. खाली उन्हाळा असतो, वर अंगावर काही घ्यावेसे वाटते. समुद्रावरची ओल डोंगराला आपटून एकाएकी ढग तयार होतो आणि पाच मिनिटांत गल्ल्या दिसेनाशा होतात. गावकरी त्या धुक्याला व्हीनसचे चुंबन म्हणतात. देऊळ गेले, देवी गेली, तिच्या नावाने धुके तेवढे राहिले आहे.

गावाचा आकार त्रिकोणी. पश्चिमेच्या अंगाला जुना तट आहे. त्याचे खालचे थर प्रचंड दगडांचे असून काही दगडांवर फिनिशियन अक्षरे कोरलेली आहेत. त्यावरचे थर पुढच्यांनी चढवलेले. त्रापानी दरवाजातून आत शिरले की लगेच थोरले चर्च लागते. ते चौदाव्या शतकातले आणि त्याचा बुरूज त्याच्यापासून सुटा, अंतर राखून उभा आहे. घंटा टांगण्यापूर्वी तो टेहळणीसाठी वापरला जाई. रस्ते अरुंद आहेत, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला लागून उभे राहावे इतके. त्यांची फरसबंदी मात्र पाहण्याजोगी आहे. मोठ्या फरश्यांच्या चौकटी आणि चौकटींत लहान गोट्यांची भरण. कित्येक शतकांच्या पावलांनी ती गुळगुळीत झाली आहे आणि धुक्यात तिच्यावरून चालताना बोटीच्या ओल्या फळ्यांवरून चालण्याची सवय उपयोगी पडते.

या रस्त्यांवर खिडक्या थोड्या आणि दारे बंद असतात. परक्याला प्रथम वाटते की गाव उजाड आहे. वस्तुतः एरिचेचे घर रस्त्याकडे पाठ करून बसते. एखादे दार चुकून उघडे असले तर आत फरसबंद चौक दिसतो. त्यात विहीर, दगडी जिना, मातीच्या कुंड्यांत फुलझाडे. वाड्यात वाढलेल्या मराठी माणसाला हा चौक अनोळखी वाटणार नाही. येथे मात्र रस्त्यावरच्या माणसासाठी काहीच ठेवलेले नाही. वारा आणि परका, दोघांनाही बाहेर ठेवण्याची ही रचना आहे.

तथापि गाव काही अंशी खरोखरच रिकामे झाले आहे. भीतीमुळे वर आलेली माणसे भीती संपल्यावर खाली उतरली. नगरपालिका एरिचेच्या नावाची असली तरी तिचे बहुतेक रहिवासी आता पायथ्याच्या कासा सान्ता या वस्तीत, त्रापानी शहराला चिकटून राहतात. तटाच्या आत बारमास राहणारी माणसे शेकड्यांत मोजावी इतकीच उरली आहेत. उन्हाळ्यात दिवसभर गल्ल्या माणसांनी भरतात. शेवटचा पाळणा खाली गेला की पावलांचे आवाज थांबतात.

बंद दारांच्या या गावात एक दार असे होते की त्याच्या आडून गोड पदार्थ बाहेर येत. सान कार्लोच्या मठातील जोगिणी बदामाच्या पिठीची मिठाई करीत आणि ती गिऱ्हाइकाला देत, परंतु स्वतः दिसत नसत. त्याच मठात गरीब घरच्या मुलींना ठेवून घेत. १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत वडील वारल्यामुळे एका लहान मुलीला आईने तेथे पाठवले. तिचे नाव मारिया ग्रामातिको. बदाम फोडणे, भट्टी पेटवणे, भांडी घासणे हे तिचे काम. मिठाईच्या कृती तिला कोणी शिकवल्या नाहीत. जोगिणी काम करीत असता ती पाहत राहिली आणि तिने ध्यानात ठेवले. बाहेर पडल्यावर तिने एरिचेतच दुकान घातले आणि पुढे ती साऱ्या सिसिलीत नावारूपाला आली. तिच्या आठवणींचे व कृतींचे इंग्रजी पुस्तक १९९४ साली निघाले. त्याच्या नावाचा अर्थ ‘कडू बदाम’ असा आहे आणि पुस्तक वाचल्यावर ते नाव नुसते पाककृतीपुरते राहत नाही. तिच्या दुकानात गरम गरम ‘जेनोव्हेझे’ मिळते. आत दुधाचे दाट सारण असलेला, वरून पिठीसाखर भुरभुरलेला तो गोल पदार्थ असतो. तो हातात धरून, बोटे भाजून घेत, प्रवासी गावाच्या दुसऱ्या टोकाकडे निघतो.

ते टोक म्हणजे आग्नेयेकडचा कडा. तेथे व्हीनसचे देऊळ होते आणि तेथेच, त्याचेच दगड वापरून, नॉर्मनांनी बाराव्या शतकात किल्ला बांधला. किल्ल्याच्या आत देवळाचे अवशेष थोडे आहेत, पाहून डोळे दिपावेत असे काहीच नाही. परंतु या जागेने एकदा एका मोठ्या राष्ट्राचे डोळे खरोखरच दिपवले होते. थुसिडिडिस या ग्रीक इतिहासकाराने तो प्रसंग सांगितला आहे. शेजारच्या सेगेस्ता नगराला शत्रूविरुद्ध अथेन्सचे साहाय्य हवे होते. युद्धाचा खर्च आपण सोसू, असे सेगेस्ताने कळवले. अथेन्सने खात्री करून घेण्यासाठी वकील पाठवले. वकील समुद्रातून आले आणि त्यांना या देवळात आणण्यात आले. पेले, सुरया, धूपदाण्या असा चांदीचा मोठा साठा त्यांना दाखवला गेला. तो दिसावयास जितका होता तितका मोलाचा नव्हता. मग घरोघरी मेजवान्या झाल्या आणि प्रत्येक घरात सोन्याचांदीची भांडी मांडलेली होती. ती आसपासच्या गावांतून उसनी आणून एका घरातून दुसऱ्या घरात फिरवलेली होती. वकील परत जाऊन म्हणाले, संपत्ती अपार आहे. दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यांना काय दाखवावे आणि काय दाखवू नये, ही विद्या किती जुनी आहे याचा हा पुरावा होय. इ. स. पूर्व ४१५ मध्ये अथेन्सचे आरमार निघाले. सिसिलीजवळ पोहोचल्यावर कळले की सेगेस्ताच्या खजिन्यात तीस टॅलेंट तेवढे आहेत. दोन वर्षांनी ते आरमार आणि ते सैन्य सिराक्यूजजवळ नष्ट झाले.

वकील वर चढले, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि ते फसले. इब्न जुबैर खालीच राहिला आणि त्याने पाणी, पूल व भीती या तीन गोष्टी बरोबर हेरल्या.

याच उतारावर पहिल्या प्यूनिक युद्धाच्या अखेरीस हामिल्कार बार्का तीन वर्षे चिवटपणे ठाण मांडून होता. वर देवळात रोमन, पायथ्याशी रोमन आणि मध्ये तो. त्याची सुटका व्हावयाची ती समुद्रातून. कड्यावर उभे राहिले म्हणजे पश्चिमेला फाविन्याना, लेव्हान्झो आणि मारेत्तिमो ही तीन बेटे दिसतात. त्यांच्याजवळ इ. स. पूर्व २४१ मध्ये कार्थेजचे आरमार बुडाले आणि हामिल्कारला डोंगर सोडावा लागला. त्या लढाईतील जहाजांच्या नाळेवर बसवलेली काशाची टोकदार आयुधे गेल्या पंचवीस वर्षांत समुद्रतळातून वर काढण्यात आली आहेत. वीसहून अधिक सापडली. हवा फार स्वच्छ असली तर नैर्ऋत्येला आफ्रिकेच्या किनाऱ्याची पुसट रेघ दिसते असे म्हणतात. देवीची कबुतरे दर वर्षी त्या दिशेने उडून जात आणि नऊ दिवसांनी परत येत, अशी प्राचीन श्रद्धा होती. ती गेली की देवीही आफ्रिकेला गेली, ती आली की देवीही आली.

किल्ल्याकडून परतताना जुन्या मठांच्या इमारतींवर वैज्ञानिक केंद्राच्या पाट्या दिसतात. १९६३ मध्ये आंतोनीनो झिकिकी या पदार्थवैज्ञानिकाने एत्तोरे मायोराना या शास्त्रज्ञाच्या नावाने हे केंद्र येथे काढले. ऑगस्ट १९८२ मध्ये पॉल डिरॅक, प्योत्र कापित्सा आणि झिकिकी यांनी येथेच एक निवेदन तयार केले. अण्वस्त्रांच्या स्पर्धेत संशोधन लपवून ठेवण्याची प्रथा मोडावी, विज्ञानात गुपिते असू नयेत, असा त्याचा आशय. जगातील हजारो शास्त्रज्ञांनी त्यावर सह्या केल्या. खालच्या माणसाला वर येऊ न देण्यासाठी ज्या गावाने पूल तोडण्याची तयारी ठेवली होती, त्याच गावाचे नाव त्या निवेदनाला मिळाले आहे.

संध्याकाळी शेवटच्या पाळण्याने प्रवासी खाली येतो. मिठागरांवर तांबूस प्रकाश असतो. धक्क्यावर त्याची बोट आहे आणि वारा बदलला आहे. उद्या पहाटे निघावयाचे. अशा वेळी इब्न जुबैरच्या त्रापानीतील मुक्कामाची आणखी एक हकीकत आठवल्याशिवाय राहत नाही.

त्या रमजानची ईद त्याने याच गावात पाहिली. ११८५ च्या जानेवारीचा आरंभ होता. मुसलमान लोक ढोल व शिंगे वाजवीत प्रार्थनेला निघाले आणि ख्रिस्ती लोक त्याला हरकत घेत नाहीत, याचे त्याला नवल वाटले. परंतु त्याच दिवसांत त्रापानीतील एका प्रतिष्ठित मुसलमानाने आपल्या मुलाला एका यात्रेकरूकडे पाठवले. निरोप असा की, माझी एक लहान मुलगी आहे, तिचा स्वीकार करावा. हवे तर स्वतः लग्न करावे, नाही तर आपल्या देशातील योग्य माणसाशी तिचे लग्न लावून द्यावे, पण तिला येथून घेऊन जावे. मुलगी वडिलांना आणि भावांना कायमची सोडावयास राजी होती. बाप मुलीचा वियोग पत्करतो याचे त्या यात्रेकरूंना आश्चर्य वाटले आणि कारण कळल्यावर वाटेनासेही झाले. आज ढोल वाजवू देतात, उद्याचे कोण सांगावे, हे त्या बापाला कळत होते. त्याचा अंदाज चुकला नाही. पन्नास वर्षे होण्यापूर्वीच सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिलीतील मुसलमानांना बेटावरून उठवून इटलीतील लुचेरा येथे नेऊन बसवण्यास आरंभ केला.

एकाच डोंगराच्या पायथ्याशी दोन समाज नांदत होते आणि दोघांनाही आपल्या लेकीबाळींची काळजी होती. एकाने त्यांच्यासाठी डोंगर राखून ठेवला होता. दुसऱ्याला डोंगर बंद होता, त्याच्यासाठी समुद्र तेवढा उघडा होता.

मार्च महिन्यात जहाजे सुटली आणि एप्रिलच्या २५ तारखेला इब्न जुबैर ग्रानाडाला पोहोचला. त्या मुलीचे नाव त्याने लिहिलेले नाही. ती निघाली असेल तर याच धक्क्यावरून निघाली असेल, फाविन्यानाच्या बाजूने जहाज बाहेर पडले असेल आणि गावाची घरे पाण्यात बुडाल्यासारखी दिसेनाशी झाल्यावरही तो डोंगर, तिला ज्यावर कोणी कधी चढू दिले नव्हते, पुष्कळ वेळ मागे दिसत राहिला असेल.